पैसा, घर आणि महत्त्वाकांक्षा: सुट्टीत काय वाचावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. उन्हाळ्यात सहा आठवडे मोकळे मिळणार आहेत. वडिलांचा धंदा आहे, तो भावाच्या जोडीने पुढे चालवायचा की आपलं वेगळं काही काढायचं, हे याच सुट्टीत ठरवायचंय. पैशावरची चार-पाच गाजलेली पुस्तकं वाचून झाली, त्यातलं बरंचसं पटलंही, पण पुस्तक मिटल्यावर हाती काही राहिलं नाही. आता पैसा, कुटुंब आणि महत्त्वाकांक्षा हे तिन्ही एकत्र येईल असं वाचायचंय, शक्यतो कथा-कादंबरी. आणि त्यातलं एखादं वडिलांनाही देता आलं तर हवंय.

सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि तिथलाच एक वाचकगट मी चालवते. तुमच्यासारखी मागणी दर उन्हाळ्यात येते. ती ऐकून मला जे समजतं ते आधी सांगते, कारण पुढची सगळी नावं त्यावरच ठरलेली आहेत.

तुम्ही वाचलेल्या पुस्तकांमधला माणूस एकटा असतो. तो कमावतो, वाचवतो, गुंतवतो, श्रीमंत होतो. त्याच्या पैशावर दुसऱ्या कुणाचा हात नसतो. त्याच्या शिक्षणासाठी कुणी दागिना मोडलेला नसतो, त्याच्या भावाला वाटा नको असतो, त्याच्या वडिलांना आपण नसल्यावर दुकानाचं काय होईल या विचाराने झोप उडालेली नसते. हिशेब म्हणून ती पुस्तकं बरोबर असतीलही, पण तुमच्यापुढचा पेच त्या हिशेबात बसतच नाही. तुम्हाला हवी आहेत ती अशी पुस्तकं, ज्यात पैसा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना दिसतो आणि जाताना दोघांमधलं नातं बदलून जातो. हे काम कादंबरी आणि नाटक जितकं नीट करतात तितकं दुसरं कुणी करत नाही, असं माझं ठाम मत आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत. पाचशे-सातशे पानांची कादंबरी तुम्ही नेटाने वाचता का, इंग्रजी अनुवाद चालतात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातल्या पैशाच्या व्यवहारात तुम्ही कुठे उभे आहात. घेणारे आहात, देणारे आहात की वारस आहात? तिघांना तीन वेगळी पुस्तकं आधी हाती द्यावी लागतात. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही एकाच वेळी घेणारे आणि वारस दिसता, म्हणून त्या बाजूने सुरुवात करते.

पहिलं पुस्तक फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचं 'पेर गोरियो', १८३५ सालचं. दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा. रास्तिन्याक नावाचा मुलगा गावाकडून पॅरिसला कायदा शिकायला आलेला असतो आणि मादाम व्होकेच्या खानावळीत राहत असतो. त्याच खानावळीत गोरियो नावाचा म्हातारा राहतो. शेवयांच्या धंद्यात त्याने मोठा पैसा केला आणि तो दोन मुलींना लग्नात देऊन टाकला. मुली आता उच्चभ्रू घरांत आहेत, बापाला भेटायची त्यांना लाज वाटते, आणि पैसे लागले की मागच्या दाराने येतात.

या कादंबरीत बाल्झाक आकडे सांगतो आणि आकड्यांतूनच माणूस उभा करतो. गोरियो पहिल्यांदा राहायला येतो तेव्हा पहिल्या मजल्यावर वर्षाला १,२०० फ्रँक भरून राहतो. मग तो ९०० फ्रँकच्या खोलीत वर सरकतो, आणि पुढे थेट तिसऱ्या मजल्यावर महिना ४५ फ्रँकवर येतो. खानावळवालीच्या लेखी तोच माणूस आधी सभ्य गृहस्थ असतो आणि शेवटी टिंगलीचा विषय होतो. एका रात्री रास्तिन्याक दाराच्या किल्लीच्या भोकातून बघतो, तर म्हातारा चांदीची भांडी पिळून त्यांची लगड करत असतो. मुलीला पैसे हवे असतात. बापाच्या प्रेमाचं असं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हे प्रेम मुलींचं भलं करत नाही, हेही बाल्झाक लपवत नाही.

तुमच्यासाठी खरा भाग मात्र रास्तिन्याकच्या पत्राचा आहे. श्रीमंतांच्या बैठकीत शिरायचं तर कपडे हवेत, गाडी हवी. म्हणून तो आईला पत्र लिहितो, बहिणींना लिहितो, आणि वडिलांना कळू देऊ नका असं बजावतो. आई दागिने विकते. बहिणी आपली पुंजी रिकामी करतात. सगळे मिळून १,५५० फ्रँक येतात. आईचं पत्र वाचताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, हे पैसे घेऊच नयेत असं त्याला क्षणभर वाटतं, आणि मग पैसे खिशात येताच तो शिंप्याकडे जातो. हे सगळं मोजक्या पानांत घडतं. त्या बहिणी कादंबरीत प्रत्यक्ष कधी समोर येत नाहीत, पत्रापुरत्याच दिसतात. वाचकगटात मी नेहमी या जागी थांबते आणि विचारते, या मुलाच्या महत्त्वाकांक्षेचा खर्च कुणी उचलला? प्रश्न साधाच, पण त्यानंतर लोक पुस्तक सोडून स्वतःच्या घराबद्दल बोलू लागतात.

शेवटही असाच आकड्यात आहे. गोरियोच्या अंत्ययात्रेला मुली येत नाहीत, त्यांच्या रिकाम्या गाड्या येतात. कबर खणणाऱ्यांना बक्षिसी द्यायला रास्तिन्याकच्या खिशात काही उरलेलं नसतं, तो खानावळीतल्या नोकराकडून २० सू, म्हणजे जेमतेम एक फ्रँक, उसने घेतो. आणि त्याच संध्याकाळी गोरियोच्या मुलीकडे जेवायला निघतो. या शेवटावर वाचकांचे दोन तट पडतात. काहींना तो निर्ढावलेला वाटतो, काहींना धीट. तुम्हाला कुठल्या बाजूने वाटतं ते बघा, स्वतःबद्दल थोडं कळेल.

घेणाऱ्याच्या बाजूने मराठीत वाचायचं तर भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', १९६३ ची. बहुतेकांनी ती कॉलेजच्या वयात वाचलेली असते आणि तेव्हा पांडुरंग सांगवीकरचा एकटेपणा तेवढा लक्षात राहतो. आता वडिलांवर नजर ठेवून परत वाचा. पांडुरंग पुण्यात राहतो तो वडिलांच्या पैशावर, होस्टेलवर हात सैल सोडतो तो त्याच पैशावर, आणि वडिलांशी त्याचं जे काही बोलणं होतं त्याच्या आडून पैसा सारखा डोकावत राहतो. पंचविशी-तिशीत दुसऱ्यांदा वाचलेली 'कोसला' वेगळीच कादंबरी असते. तुम्ही आधी वाचली असेल तर ती वगळू नका, उलट यादीत वर घ्या.

आता वारसाची बाजू. इथे जर्मन लेखक थॉमस मानची 'बुडनब्रुक्स' आहे, १९०१ ची. लेखक तेव्हा अवघा २६ वर्षांचा होता, आणि १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते मुख्यतः याच कादंबरीसाठी. धान्याचे व्यापारी असलेल्या एका घराण्याच्या चार पिढ्या. पुस्तक जाड आहे, पण लग्नं, जेवणावळी, भांडणं, बारशी यांतून पुढे सरकतं, त्यामुळे जड जात नाही. जॉन वूड्स यांचा इंग्रजी अनुवाद सोपा वाहता आहे, मिळाला तर तोच घ्या.

या घराण्यात पूर्वजाने घालून दिलेला एक नियम असतो: दिवसा धंद्यात मन लावून राहा, पण रात्रीची झोप मोडेल असा व्यवहार करू नका. तिसऱ्या पिढीतला थॉमस एकदा हा नियम मोडतो. अडचणीत आलेल्या जमीनदाराचं पीक तो शेतात उभं असतानाच स्वस्तात विकत घेतो. पेढीला शंभर वर्षं झाल्याचा सोहळा चालू असतो, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आणि त्याच वेळी तार येते: गारपिटीत पीक गेलं. घसरण याच्या आधीच सुरू झालेली असते, एका गारपिटीने घराणं बुडत नाही. मान हे फार बारकाईने दाखवतो. थॉमसचा उत्साहच आटलेला असतो, तो वारशाचं ओझं नीटनेटक्या कपड्यांत वागवत असतो. धंदा पुढे चालवायचा की नाही हा प्रश्न तुमच्यापुढे आहे, म्हणून थॉमसकडे विशेष लक्ष द्या. तो धंदा सोडत नाही. त्याने सोडायला हवा होता का, यावर आमच्या गटात कधीही एकमत झालेलं नाही, आणि मलाही अजून एका बाजूला ठामपणे उभं राहता आलेलं नाही.

भावाचा प्रश्नही याच पुस्तकात आहे. थॉमसचा भाऊ ख्रिस्तियान धंद्यात रमत नाही. आई वारल्यावर दोघांचं भांडण पेटतं ते घरातल्या चादरी-टेबलक्लॉथ आणि चांदीच्या भांड्यांच्या वाटणीवरून. लाखोंची उलाढाल केलेली माणसं कपाटातल्या कापडावरून एकमेकांना वर्षानुवर्षांचं साठलेलं ऐकवतात. वाटणीची भांडणं जवळून पाहिलेल्या कुणालाही हे प्रकरण खरं वाटेल.

त्यांची बहीण टोनी हिच्याबद्दल एवढंच सांगते की तिचं लग्न घराण्याच्या भल्यासाठी ठरवतात, जावयाची हिशेबाची वही बापाने स्वतः पाहिलेली असते, आणि तरीही सगळे फसतात. वही खोटी असते.

मराठीत वारशावर वाचायचं म्हटलं तर माझं पहिलं बोट महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'कडे जातं. नाटक वाचायची सवय नसली तरी घाबरू नका, दोन-तीन बैठकांत होतं. १९८५ मध्ये विजया मेहता यांनी ते रंगमंचावर आणलं. विदर्भातल्या एका गावातले देशपांडे. वडील वारलेत, तेरावं व्हायचंय, मुंबईचा भाऊ बायकोसह आलाय. दारात एक ट्रॅक्टर गंजत पडलाय, तो कुणी वापरत नाही आणि कुणी हलवतही नाही. घराची ऐपत संपलेली आहे, पण तेराव्याचं जेवण मात्र गावाच्या अपेक्षेला साजेसं व्हायला हवं, आणि ते कशातून करायचं यावर सगळं घर घुटमळतंय. प्रभा नावाची बहीण आहे, तिला शिकायचं होतं, वडिलांनी शिकू दिलं नाही. रास्तिन्याकच्या बहिणींनंतर लगेच प्रभाला वाचा. एका घरात मुलाच्या महत्त्वाकांक्षेसाठी मुलींची पुंजी जाते, दुसऱ्या घरात मुलीच्या महत्त्वाकांक्षेला पैसाच मिळत नाही.

आवडलं तर पुढची दोन नाटकं, 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', याच कुटुंबाची आहेत. 'मग्न तळ्याकाठी'त घरात पुन्हा पैसा येतो. पैसा नसताना आणि असताना तीच माणसं कशी वागतात हे एकाच कुटुंबात बघायला मिळणं दुर्मीळ आहे.

मोठं, ऐसपैस वाचायचं असेल तर श्री. ना. पेंडसे यांचे 'तुंबाडचे खोत', १९८७ चे दोन खंड. जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्या. सहा आठवड्यांत 'बुडनब्रुक्स' आणि हे दोन्ही घेऊ नका, एक निवडा. मराठीत घर, जमीन आणि नदी ओळखीची लागते, त्यामुळे बहुतेक जण पेंडशांकडे वळतात, आणि त्यात काही गैर नाही.

देणाऱ्याची बाजू तुम्ही मागितली नव्हती, पण ती वाचल्याशिवाय वडिलांशी बोलायला बसू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन', १९४९. विली लोमन फिरता विक्रेता आहे. त्याचा पगार थांबलाय, म्हणून तो शेजाऱ्याकडून दर आठवड्याला ५० डॉलर उसने घेतो आणि बायकोला हा माझा पगार म्हणून देतो. बायकोला ते माहीत असतं, ती कळू देत नाही. मुलाने मोठं व्हावं ही विलीची इच्छा इतकी जबर आहे की समोरचा मुलगा खरोखर कसा आहे हे त्याला दिसतच नाही. या नाटकात मुलाच्या तोंडी जे शेवटचं मोठं भांडण आहे ते वाचताना तुमचा जीव मुलाकडे ओढेल. मग तेच पान बापाच्या जागी बसून पुन्हा वाचा.

पेंडशांचीच 'रथचक्र' ही कादंबरी इथे हवीच. तिच्या नायिकेला लेखकाने नावच दिलेलं नाही, ती फक्त 'ती' आहे. नवरा संसार टाकून गेलेला, आणि मुलांनी शिकून वर यावं हा एकच ध्यास. महत्त्वाकांक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तरुण मुलगा येतो. ही बाई कुठल्याही उद्योगपतीइतकी महत्त्वाकांक्षी आहे, आणि तिच्या भांडवलात तिच्या स्वतःच्या कष्टांखेरीज काही नाही. पुस्तक दुःखद आहे. सध्या मन हळवं असेल तर ते पावसाळ्यासाठी ठेवा.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' हीही त्याच जातीची. शिकलेला मुलगा, न मिळणारी नोकरी, न परवडणारी शेती, आणि या तिन्हींमध्ये चरकात सापडलेलं घर. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. तुमच्याकडे वारशाने चालता धंदा येतोय. ज्याच्याकडे तोट्यातली जमीन येते त्याचा पेच किती वेगळा असतो हे त्यातून कळेल.

जरा वेगळं म्हणून गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' सुचवते. लोक तो १८५७ च्या धामधुमीसाठी वाचतात, आणि ते बरोबरच आहे. पण वरसईचा हा तरुण भिक्षुक घरातून निघतो तो कर्ज फेडायला. उत्तरेत मोठा यज्ञ होणार आहे, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर येतं आणि तो काकांबरोबर चालू पडतो. मग तो थेट बंडात सापडतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो, मिळवलेलं लुटलं जातं. घरी येतो तो गंगेची कावड घेऊन. चिं. वि. वैद्य यांनी हे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. घरच्या कर्जासाठी बाहेर पडलेल्या माणसाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली इतकी जिवंत हकिकत आपल्या भाषेत आहे, आणि ती पैशाच्या पुस्तकांत कुणी धरत नाही याचं मला वाईट वाटतं.

आता एक अगदी छोटी गोष्ट, पण मी ती प्रत्येक नव्या वाचकाला देते. जेन ऑस्टिनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं, १८११ च्या, फक्त दुसरं प्रकरण. मरणाऱ्या वडिलांना जॉनने शब्द दिलाय की सावत्र आई आणि तीन बहिणींकडे मी बघेन. तो मनात ठरवतो, प्रत्येक बहिणीला १,००० पौंड द्यायचे. मग बायको बोलू लागते. हजाराचे ५०० होतात. ५०० पेक्षा आईला वर्षाला १०० द्यावेत असं ठरतं. पण वर्षासन लावलं की माणसं मरतच नाहीत, म्हणून मग अधूनमधून ५० पाठवावेत. शेवटी दोघांची खात्री पटते की वडिलांना पैसे अभिप्रेतच नव्हते, सामान हलवायला मदत केली आणि मोसमात मासे-शिकार भेट पाठवली की पुष्कळ झालं. संपूर्ण प्रकरणात कुणी आवाज चढवत नाही, कुणी स्वतःला वाईट समजत नाही. घरातला शब्द कसा पायरी-पायरीने वितळतो हे यापेक्षा स्वच्छ कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. वडील हयात असताना, भावाशी बोलणं गोड असताना हे प्रकरण वाचा, आणि जे ठरेल ते लिहून ठेवा.

वाचण्याची रीतही सांगते, कारण पुस्तकं तीच असली तरी रीतीने फरक पडतो. हातात पेन्सिल ठेवा, ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर वही. जिथे रक्कम येईल तिथे खूण करा आणि बाजूला लिहा: कुणी दिली, कुणी घेतली, तिसऱ्या कुणाला कळू दिलं नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. रास्तिन्याकच्या वडिलांना कळू दिलं जात नाही, विली बायकोला कळू देत नाही, बायको विलीला कळू देत नाही. चार पुस्तकांत ही टिपणं केलीत की घरातल्या कुठल्या व्यवहारावर बोलणं टाळलं जातंय हे तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल.

सहा आठवड्यांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी ऑस्टिनचं ते प्रकरण, मग 'पेर गोरियो' दहा-बारा दिवस, लगेच 'वाडा चिरेबंदी'. त्यानंतरचे तीन आठवडे 'बुडनब्रुक्स' किंवा 'तुंबाडचे खोत' यांतल्या एकाला. मिलरचं नाटक शेवटच्या आठवड्यात. बाकीची नावं पुढच्या सुट्टीला राहू द्या. ऑस्टिनच्या मूळ इंग्रजी आवृत्त्या आणि बाल्झाकचे जुने इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर मोफत मिळतात. मराठी अनुवादांसाठी जवळच्या ग्रंथालयात विचारा, यादीत नसलं तरी मागणी नोंदवून ठेवा, पुस्तकं अशाच नोंदींमुळे येतात.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्यांना 'डेथ ऑफ अ सेल्समन' देऊ नका, निदान आत्ता नको. ते आरोपासारखं पोचण्याची भीती आहे. 'बुडनब्रुक्स'ही नको. 'वाडा चिरेबंदी' द्या, आणि हातात ठेवून जाऊ नका, सोबत बसून मोठ्याने वाचा. नाटक आहे, पात्रं वाटून घेता येतात. भावालाही बसवा. मोठा भाऊ भास्कर त्याच्याकडे द्या आणि मुंबईहून आलेला सुधीर तुम्ही घ्या, किंवा उलट करा, उलट केलंत तर जास्त बरं. वडिलांना कुठलंच पात्र देऊ नका, ऐकू द्या. वाचून झाल्यावर त्यांनी काही बोललं नाही तरी विचारू नका. आमच्या गटात वडीलधारी माणसं या नाटकावर बोलतात ती बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि सुरुवात त्या ट्रॅक्टरपासून करतात.